गुलाबाजवळचं बदक

आईने बागेसाठी सिमेंटचं बदक आणलं. बाबांना ते खिडकीखाली हवं होतं, पण आईने हट्टाने गुलाबाजवळ ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खिडकीखाली होतं. आईने पुन्हा गुलाबाजवळ नेलं. दहा दिवस रोज हेच चाललं.

"मी कशाला हलवू? माझी कंबर बघ आधी," बाबा म्हणत.

आईने मला बाजूला घेतलं. "रात्री उठून करतात आणि सकाळी विसरतात. डॉक्टरांना दाखवू या. बाबांना आत्ताच काही बोलू नकोस."

मला ते पटेना. मी वनस्पतिशास्त्र शिकलोय. उजेड अडला की गवत पिवळं पडतं. बदक दिवसभर गुलाबाजवळ असतं, म्हणजे डाग तिथे हवा. रात्री उजेडच नसतो, म्हणून खिडकीखालचं गवत हिरवं हवं. तिथे थोडं जरी पिवळं दिसलं, तर बदक दिवसाही हलतंय. दिवसा बाबा कामावर असतात, म्हणजे ते सुटले.

दुपारी मी गुलाबाजवळचं बदक उचललं. खाली गवत हिरवंगार होतं.

तसाच ते घेऊन खिडकीपाशी गेलो. तिथे बदकाच्या बुडाएवढा पिवळाधमक डाग होता.

म्हणजे बाबा सुटले. पण बदक दहाही दिवस, दिवसभर उन्हात, इथेच होतं. मग गुलाबाजवळ आम्ही रोज काय बघत होतो?

"अरे, जड आहे ते, ठेव खाली," आई दारातून म्हणाली.

मी माझ्या हातांकडे बघितलं नाही.