कॅनडातली नात

"नको काका, पोट भरलंय माझं," हालिमे म्हणाली. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता.

लानकाका रश्श्याचा वाडगा हातात धरून तसेच उभे राहिले. चीनमधल्या शीआन शहरात एका नावाजलेल्या विद्यापीठामागच्या गल्लीत त्यांची खाणावळ होती. मायलेक दोघंच ती चालवत. ही पोरगी रोज यायची, एक कोरडी रोटी घ्यायची आणि पायरीवर बसून डोळे पुसत खायची. कुणी फुकटचं काही पुढे केलं, की ताडकन उठायची. घरची शिकवणच तशी.

हालिमे किर्गिझस्तानातली. तिचे पूर्वज दीडशे वर्षांपूर्वी याच मुलखातून जीव मुठीत घेऊन डोंगरापलीकडे पळाले होते. सोबत नेली ती फक्त बोली. तीच बोली घेऊन ही पोर मोठ्या उमेदीने इथे शिकायला आली, तर वर्गात त्या जुनाट बोलण्यावर नुसता हशा! "हिच्या पणजीला बसवा परीक्षेला," एक पोरगा म्हणाला. सहामाहीत ती नापास झाली. आता घरी निघून जायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"फुकट नको ना? मग माझं एक काम कर," लानकाका आवाज खाली आणत म्हणाले. "माझी आई डोळ्यांनी अधू झालीय. डोक्यानेही जरा गेलीय. माझी मुलगी कॅनडात शिकायला गेली ती तिकडचीच झाली बघ. फोन नाही, निरोप नाही. म्हातारी रोज विचारते, नात कधी यायची? तुझं बोलणं अगदी आमच्या घरातलं. दर रविवारी येऊन तिच्यासोबत जेवशील?"

"नात म्हणून? खोटं बोलू मी?"

"बोलू नकोस. नुसती जेव."

रविवारी ती भीतभीतच आत गेली. आजीने तिचे दंड चाचपले. "आलीस का भवाने? परदेशात काय हवा खाऊन राहत होतीस? नुसती हाडं उरलीत!"

हालिमेला हसू आलं आणि मागोमाग रडूही आलं. कित्येक महिन्यांत तिला असं कुणी रागावलंच नव्हतं.

दोघी रोटी कुस्करायला बसल्या. "एवढाले तुकडे? रश्शात मुरायचे कसे?" आजी टेबलापलीकडून ओरडली. "हरभऱ्याएवढे कर!"

मग दर रविवारी तेच. जेवण झालं, की आजी म्हणायची, "आता सांग, काय शिकवलं? बातम्यांत बोलतात तसं सांग हं." आणि म्हातारीला एका दमात काही कळेल तर शपथ! हालिमे तोच धडा पुन्हा पुन्हा सांगायची, कधी वैतागून, कधी हसत. घरी जायचा विषय मागे पडला.

वार्षिक परीक्षेत ती चांगल्या गुणांनी पास झाली. धावत येऊन तिने आजीला मिठीच मारली.

आजीने मनगटातली हिरव्या दगडाची बांगडी काढली. "माझ्या सासूची आहे. नातीलाच द्यायची होती. आण हात."

हालिमेला वाटलं, जेवण वेगळं, बांगडी वेगळी. हिची खरी धनीण तिकडे कॅनडात होती. घेतली तर ती चोरी. खरं सांगितलं तर म्हातारी कोलमडणार आणि या परमुलखातलं एकुलतं एक घर तुटणार. स्वयंपाकघराच्या दारातून लानकाका खुणावत होते, बोलू नकोस, घे!

तिने हात मागे घेतला.

"मला माफ करा," ती म्हणाली. आजीला आजवर ती 'तू' म्हणत आली होती. "मी तुमची नात नाही. परकी पोर आहे मी. तुमची नात कॅनडात आहे. मी तुम्हाला फसवून इतके दिवस जेवले." ती ओंजळीत तोंड लपवून हुंदके देऊ लागली.

आजीने तिचा हात ओढला आणि बांगडी सरकन आत चढवली.

"गप गं रडूबाई," ती म्हणाली. "कसला कॅनडा नि कसली नात? आमच्या या ठोंब्याचं अजून लग्न तरी झालंय का!"