दोन थापा

आर्यन उतरला आणि संघपालच्या छातीत सुरू झालं.

मागच्या सीटवरून सरिताने पत्र्यावर दोन थापा मारल्या. दोन थापा म्हणजे पोरगं फाटकाच्या आत गेलं, व्हॅनचं दार लागलं, निघा. अकरा वर्षं हे नवरा-बायको शाळेची व्हॅन अशीच चालवत आले होते. तो स्टिअरिंगवर, ती मागे पोरांत. संघपाल मागे वळून बघायचा नाही. थापा ऐकायच्या आणि गिअर टाकायचा.

आज गिअरची मूठ हातातून घसरली. तळवा घामाने चिकट झाला होता. कॉलरच्या आत, गळ्याच्या खड्ड्यात, शिलाई मशीन चालल्यासारखं काहीतरी उडत होतं. एका लयीत, भराभर, न चुकता. आणि माणूस मात्र जागेवर बसलेला.

भैरवीच्या घरापर्यंत थांबेल, त्याने स्वतःला सांगितलं. लांबलंच तर सोनिकाच्या. आजवर त्यापुढे गेलं नव्हतं.

डॉक्टरने वही करायला सांगितली होती. कधी सुरू होतं, किती मिनिटं चालतं, खरं लिहा. "हृदयाचा वरचा कप्पा फडफडतो असा मला संशय आहे. पण तुम्ही इथे पोचता तोवर सगळं शांत झालेलं असतं. ईसीजी साफ. चालू असतानाच या. कुणाचं मिनिटांत थांबतं, कुणाचं दिवसभर चालतं. लांबलं तर आत रक्ताची गुठळी होते. ती मेंदूत गेली तर अर्धं अंग जाईल."

संघपालने वहीत प्रत्येक वेळी दोन मिनिटं लिहिली होती.

भैरवी उतरली. दोन थापा. थांबलं नाही.

सोनिका उतरली. दोन थापा. थांबलं नाही.

"चालू झालं काय जी?" सरिताने पुढे वाकून विचारलं.

"नाही."

"मानेची शीर दिसून राहिली मले."

"तू पोट्टे पाह्य वं."

"काका, एसी लावा ना," रितिका म्हणाली.

"या गाडीले जन्मापासून एसी नाही, बाई. खिडकीच..." पुढचं वाक्य त्याच्या दमात मावलं नाही.

मानेवाडा रोडवर एप्रिलचं ऊन नुसतं ओतलं जात होतं. अंकुशला सोडलं तेव्हा संघपालला त्याचं घर डावीकडे आहे की उजवीकडे, हे क्षणभर आठवलंच नाही. पुढच्या चौकात सिग्नल हिरवा झाला, ते त्याला मागच्या हॉर्नवरून कळलं. डोळ्यांच्या कडांनी काळं आत येत होतं आणि मागे जात होतं. जीभ टाळूला चिकटली होती. पाठीमागे तीन पोरं एका वेफरच्या पुड्यावरून भांडत होती.

विहंगचं घर आलं. आई फाटकात उभीच होती. विहंगने उडी मारली, पळत आत गेला. व्हॅनचं दार सरकून लागलं. संघपालने क्लच दाबून ठेवला.

थाप आली नाही.

"सरिता, मार ना."

"नाही मारत."

"दोनच पोट्ट्या राहिल्या. पाच मिनिटाचा रस्ता आहे."

"तुमचे मिनिटं मले माहीत आहेत. वहीत दोनच्या वर कधी गेलेच नाही."

"शाळेत समजलं तर गाडी बंद होईन. खाशीन काय मंग?"

"अन् ह्या दोघी नाल्यात गेल्या तर?"

सरिता दार उघडून खाली उतरली. गाडी त्याची होती, चावी लागलेली होती, इंजिन चालू होतं. तरी थापेशिवाय त्याचा पाय क्लचवरून उठेना.

"ताई," सरिता विहंगच्या आईला म्हणाली, "रितिका अन् गार्गीले घरात घ्या. त्यांच्या घरी फोन करा. ह्यांच्या छातीत बिघाड आहे. गाडी चालवता येत नाही."

बाईने आधी व्हॅनकडे पाहिलं, मग अंगणात बूट काढणाऱ्या पोराकडे.

"कधीपासून?"

"आर्यन उतरला तवापासून," संघपाल खिडकीतून म्हणाला.

"आजचं नाही विचारत मी."

उत्तर सरिताने दिलं.

"दिवाळीपासून."

बाईने दोन्ही पोरींना दंडाला धरून आत घेतलं. विहंग आधीच आत होता, तरी त्यालाही मागे ओढलं. फाटकाची कडी घातली. शिवी दिली असती तर परवडली असती.

सरिताने इंजिन बंद करून चावी मुठीत घेतली आणि येणाऱ्या ऑटोला हात केला. संघपालला बसवताना तो एवढा जड लागला की ऑटोवाल्याला उतरून हात द्यावा लागला. दवाखाना सांगून झाला. संघपालची दोन बोटं गळ्यावर रुतून बसली होती.

"थांबलं काय?"

"थांबून नाही राहिलं, सरिता." त्याचे ओठ कोरडे पडले होते. "मले भेव लागून राहिलं."

"राहू द्या," ती म्हणाली. "डाक्टरच्या मशीनपर्यंत राहू द्या."

आपण काय बोलून बसलो, हे तिला बोलल्यावर कळलं. ऑटोवाला मागे वळून बघत होता, निघू का म्हणून. सरिताचा हात आपोआप बाजूच्या पत्र्याकडे गेला.

तिने थाप मारली. दुसरी जरा उशिरा पडली.