दुसरं पदक

“आज नको फोडूस गो तां,” शेवंतीमावशी म्हणाली. “आवशीचां वर्षश्राद्ध आसा. उद्या फोड.”

“आजच व्हया माका. आवशीच्या फोटोकडे बाबांचां पदक ठेवतलंय,” जानकीने आईच्या फोटोसमोरच कात्री हातात घेतली.

पार्सल पुण्याच्या विक्रेत्याकडून आलं होतं. हवाई दलातल्या माणसांची जुन्या बाजारात आलेली पदकं जानकी विकत घ्यायची. पदकावर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. त्यावरून ती त्या माणसाचा माग काढायची. कुठल्या तळावर होता, कुठल्या लढाईत होता, मागे कोण राहिलं. पण खरा शोध एकाच नंबराचा होता. खाटेखालच्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात लिहिलेल्या. तो मिळाल्याचं विक्रेत्याने कळवलं होतं.

ट्रंक तिच्या बाबांची, गणपत घाडींची. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचं विमान समुद्रात पडलं, तेव्हा जानकी पोटात होती. आईने स्वतःच्या हाताने कपाळाचं कुंकू पुसलं. पेन्शनचा कागद तिने कधी भरलाच नाही. “त्याच्या मरणाचे पैशे माका नको,” म्हणायची, आणि काजूच्या कारखान्यात जायची. चिकाने काळी पडलेली बोटं शेवटच्या आंघोळीतही उजळली नाहीत. आचऱ्याच्या शाळेत मुलांना शिकवताना जानकी आईच्या या बाण्याबद्दल सांगायची.

पदकं मात्र आईला आवडायची नाहीत. “लोकांचे मेलेले कित्याक घरात हाडतंस?” म्हणून ती कपाटाकडे पाठ करून बसायची.

“आधी ही कपाटातली दाखव बघूया,” मावशी म्हणाली.

जानकीला बरं वाटलं. या घरात असं कुणी कधी विचारलं नव्हतं. तिने केरळच्या एका माणसाची पदकांची जोडी काढली.

“ह्यो तारो एकाहत्तरच्या लढायेचो. आणि ह्यां वाटोळां, वीस वर्षां डाग न लागता नोकरी केली की मेळता. नशीबवान माणूस. पेन्शन घेवन घराक गेलो.” ती थांबली. “बाबांका खंय मेळाली तितकी वर्षां?”

मावशीने पदक परत दिलं. “जेवणाची पानां घेवया काय?”

“थांब गो जरा.”

जानकीने खोका उघडला. वर विक्रेत्याची चिठ्ठी होती. जोडी एकाच पट्टीवर आहे, सोडवू नका. आधी तारा निघाला. तिने ट्रंक ओढून बाहेर घेतली आणि एकेक आकडा बोटाने ताडून पाहिला. सगळे जुळले. जी. घाडी. तिने पदर डोळ्यांना लावला.

“मावशे, गावले गो! बाबा गावले!”

 मावशी बहिणीच्या फोटोकडे बघत होती.

“आवस असती तर...” जानकी म्हणाली.

“बरां झालां, ती आज नाय ता,” मावशी पुटपुटली.

दुसरं पदक अजून कागदात होतं. जानकीने गुंडाळी सोडवली. कडेवर तोच नंबर, तेच नाव. हुद्दा तेवढा वर चढलेला. तिने फीत सरळ केली. मग केरळच्या माणसाचं वाटोळं पदक उचलून शेजारी धरलं.

दोन्ही वीस वर्षांच्या नोकरीचीच होती.