दुसरा खड्डा

"खांबाचा तिसरा हिस्सा जमिनीत गेला पाहिजे, जयू. वर दिसतो तो मिरवायला, खाली असतो तो पेलायला."

जयमालाचे वडील राजगुरुनगरात लग्नाचे मांडव घालायचे. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली, पण ते सांगणं तिच्या कानात तसंच होतं. म्हणून तिनं कोंडीरामभाऊंना बजावलं, "नऊ फुटी खांब आहेत. तीन फूट खणा."

"सोपानदादा दोन फूट म्हनलं व्हतं," कोंडीरामभाऊ म्हणाले. "दोन-तीनदा म्हनलं."

"त्यांना काय कळतं खांबातलं? ते प्लॉट विकतात."

कोंडीरामभाऊ हसले. चाकणच्या कंपनीत जन्मभर लाकडी खोकी ठोकून ते रिटायर झाले होते. त्यांनी पहार उचलली.

खांब सागाचे होते, बुडख्याला डांबर फासलेले. सगळा खटाटोप एका झोळीसाठी. तिचा मुलगा अजिंक्य कुठल्याशा रिसॉर्टवर राहून आला आणि आता त्याला मोशीच्या घरामागच्या बागेत हॅमक हवा होता. घरात पलंग चार, झोपणारी माणसं तीन. बागेतली झाडं कमरेएवढी, म्हणून खांब. "घोडा झाला, आता पुन्हा झोळीत घाला," जयमाला म्हणाली होती. मोठ्यानं नाही. ती कधीच मोठ्यानं बोलत नसे. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तिच्या तोंडात चहा जात नसे आणि कुणाला वाकडं बोलायचं नाही हा नेम तिनं बारा महिने धरला होता. त्या नेमातून एकाच माणसाला वगळलं होतं. थोरली जाऊ, इंद्रायणी.

विधवा इंद्रायणी कुंपणापलीकडच्या जुन्या दोन खोल्यांत राहायची. सहा वर्षं तिचं एकच पालुपद. तुमची निम्मी बाग माझी आहे. हद्दीचा दगड होता, दर पेरणीला मी त्याला हळदकुंकू वाहिलंय. जयमालाचा संसार सांगवीत झालेला. इथं बंगला बांधून ती राहायला आली तेव्हा मागं नुसतं गवत माजलं होतं. मोजणी झाली, दगड काही मिळाला नाही. "दगडाला पाय फुटले असतील," सोपानराव हसत म्हणाले. नवऱ्याचं हे वाक्य जयमालानं गावभर नेलं. जाऊ दिसली की ती हळूच विचारायची, "काय जाऊबाई, आला का तुमचा दगड फिरून?"

या संक्रांतीच्या तिळगुळाला तर तिनं कहर केला. बारा-पंधरा बायकांसमोर, अगदी गोड आवाजात म्हणाली, "तुमचा दगड निघाला ना, तर सगळ्यांच्या आधी मी तुमच्या दारात येऊन सांगेन. तुळशीची शपथ." बायका फिस्सकन हसल्या. इंद्रायणी हातातला तिळगूळ तिथंच ठेवून निघून गेली. जयमाला एरवी शपथ घेत नसे. ही घेतली, कारण ही पाळायची वेळ येणारच नव्हती.

पहिला खड्डा घराशी झाला. दुसरा बागेच्या मधोमध. अडीच फुटांवर पहार ठणकन वाजली.

"मुरूम असेल," जयमाला म्हणाली.

कोंडीरामभाऊ गुडघ्यांवर बसले. हातानं माती सारत गेले. चौकोनी, घडीव दगड होता. माथ्यावर छिन्नीनं कोरलेली फुली. त्याच्याभोवती जुनी काळी माती, वर सगळा तांबडा भराव.

"वहिनी, ह्यो दगड कुटं गेलाच न्हाई. जागेवरच हाय. जमीन वर आलीया."

जयमालानं पोर्चमध्ये फोनवर बोलत बसलेल्या सोपानरावांना हाक मारली. ते आले, वाकले, खड्ड्यात डोकावले. त्यांना धक्का बसेल, असं तिला वाटलं होतं. ते चिडले.

"दोन फूट सांगितलं होतं ना मी? दोन फुटांत काय लागणार नव्हतं!"

जयमालाला आठवलं. मोजणीच्या आदल्या महिन्यात ट्रॅक्टरनं माती आली होती. मागं पाणी साचतं, असं सोपानराव म्हणाले होते. चार दिवस खेपा चालल्या होत्या. ट्रॅक्टरवाल्यांना चहा जयमालानंच नेऊन दिला होता, दोन्ही वेळा, आलं घालून.

"बघताय काय? खांब सोडा आत आन् काँक्रीट ओता," सोपानराव म्हणाले. "आणि जयमाला, तू आत जा. उगा तोंड पाडून उभी राहू नकोस, कुणी मेलं न्हाई."

कोंडीरामभाऊंनी पहार जमिनीवर आडवी ठेवली आणि जयमालाकडं पाहिलं.

ती आत गेली नाही. तिनं पदर खांद्यावरून लपेटून घेतला.

"खड्डा उघडा ठेवा, कोंडीरामभाऊ," ती नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली. "मी जाऊबाईंना घेऊन येते."

आणि सोपानराव काही बोलायच्या आत ती फाटकाबाहेर पडली.