फ्रॉकची उंची

माझी धाकटी बहीण हरवून तीन वर्षं झाली, तरी नेटवरच्या एका ग्रुपवर लोक तिच्याबद्दल तावातावाने भांडतात. परवा आईच्या मुलाखतीत मागे टांगलेला नवा फ्रॉक त्यांना दिसला. “पोरगी नाही, मग फ्रॉक कुणाचा? आईनेच लपवलीये तिला.” आई शिवणकाम करते, दर वाढदिवसाला अंदाजाने धाकटीचा फ्रॉक शिवून ठेवते; हा सातव्या वाढदिवसाचा. एका बाईने तर लिहिलं, “नाटकं आहेत सगळी. माझीही मुलगी सात वर्षांची आहे, तिला हा आखूड होईल.” माझं टाळकं सटकलं. मी तिला सणसणीत शिवी टाइप करत होते, तेवढ्यात आईने मशीन थांबवून विचारलं, “काय म्हणतायत गं?” मी सगळं वाचून दाखवलं. “आखूड होईल म्हणाली?” गळ्यातली टेप काढून ती माझ्याजवळ बसली. “विचार ना, तिच्या पोरीचं खांद्यापासून गुडघ्यापर्यंत किती भरतं?” मी शिवी पुसली.