डोंगरे, ओहळे

प्रेत झिपरूचं आहे, हे सगळ्यांना मान्य होतं. नवशा त्याचा भाऊ आहे, हे कोणी मान्य करत नव्हतं.

बोईसरजवळच्या दगडखाणीत सकाळी सुरुंग वेळेआधी उडाला. झिपरूला ना बायको ना पोर, मागे हा एकच भाऊ. नवशाला त्याला पाड्यावर न्यायचं होतं. आईबापाला जाळलं तिथंच जाळायचं होतं. दुसरं काही त्याने मागितलं नव्हतं.

कारकून नागोरावाने हजेरीची वही उघडली, ओळीवर बोट ठेवलं. हा झिपरू डोंगरे. तू नवशा ओहळे. सख्ख्या भावांना दोन आडनावं कशी?

कशी, ते नागोरावालाच ठाऊक. मागच्या साली, पासष्टच्या दिवाळीनंतर, दोघे पहिल्यांदा खाणीवर आले तेव्हा त्यांना आडनावच नव्हतं. पण वहीत रकाना होता, आणि रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती. घर कुठं, असं त्याने झिपरूला विचारलं. झिपरूने वर डोंगर दाखवला. झाला डोंगरे. नवशाची झोपडी खाली ओहळाच्या काठी. झाला ओहळे. चला, माणसात आलात, असं म्हणून नागोराव हसलाही होता.

"आमी एकाच आईचे, सायेब," नवशा म्हणाला. "आडनाव तुमीच दिलं."

"मी वहीतलं बघणार. तोंडी काही चालत नाही."

कसं चालेल? वारस निघाला तर ठेकेदाराच्या मागे चौकशी लागते. बेवारसाला एक खड्डा पुरतो. नागोरावाने लिहिलं, बेवारस.

मुकादमाला खड्डा खणायला दोन मजूर हवे होते. नवशाने कुदळ उचलली. कातळ लागेपर्यंत तो खणत राहिला. भावाला खाली उतरवल्यावर त्याने डोक्याचं फडकं सोडून त्याच्या तोंडावर टाकलं. आवर लवकर, मुकादम म्हणाला. त्याने आवरलं.

काम उरकल्यावर नागोराव शेडबाहेर टेबल टाकून नव्या वहीत हजेरी मांडायला बसला. समोर कोण उभा आहे हे त्याने मान वर करून पाहिलंही नाही.

"नाव?"

"नवशा."

"घर कुठं?"

नवशाने ताज्या मातीकडे बोट केलं.