चंदनाचा हार

"हयात का स्वर्गवासी?" मिथुनने पावतीपुस्तकातून मान वर न करताच विचारलं.

मंठ्याच्या बाजारातल्या त्याच्या दुकानात एका अंगाला फोटो फ्रेम आणि दुसऱ्या अंगाला मोबाइलचं सामान. फोटो मोठा करायला आलेल्या प्रत्येकाला तो हेच विचारतो. स्वर्गवासी असेल तर दोन्ही बाजूंना समया छापायच्या, खाली तारीख टाकायची, वर हारासाठी दोन हूक मारायचे. हयात असेल तर यातलं काहीच नाही.

"स्वर्गवासी," राधाकिसन म्हणाले.

"हयात," जयवंताबाई म्हणाल्या.

दोघं एकाच दमात बोलले. आता मात्र मिथुनने मान वर केली. काउंटरवर विशीतल्या एका पोराचा फोटो होता, कडा पिवळ्या पडलेला. नवरा-बायको दोघंही त्या फोटोकडेच बघत होते.

"आमचा गोरक्षनाथ," राधाकिसन म्हणाले. "ट्रकवर गेल्ता. बारा वर्षं झाली. फोन न्हाई, चिठ्ठी न्हाई. भावकी म्हणू राह्यली, बारा वर्षं भरली, आता पळसाच्या पानाचा पुतळा करून क्रिया उरकून टाका." त्यांनी हातातली पिशवी छातीशी धरली. पिशवीत आत्ताच घेतलेला चंदनाचा हार होता.

"भावकीचं काय जातंय," जयवंताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. बारा वर्षं एकच गोष्ट सांगणाऱ्या बाईला आवाज चढवायची गरज राहत नाही.

मिथुनने पेन खाली ठेवलं. भावावरून घासाघीस करणारी गिऱ्हाइकं त्याने पुष्कळ बघितली होती. हे नवीन होतं. "तुमचं ठरू द्या, मावशी. मंग लिहितो."

त्यांची लेक छकुली पलीकडे उभी होती. पुढच्या महिन्यात आई-बापाच्या नव्या घराची वास्तुशांती होती, आणि त्या घरासाठी तिला डिजिटल फ्रेम घ्यायची होती. तिने मुद्दामच हाक मारली, "आई, इकडं ये. ह्या दोन्हीतली कोणती घ्यायची सांग. मोबाइलातले सगळे फोटो येतेत यात."

एक फ्रेम लाकडी चौकटीची, भिंतीला टांगायची. दुसरी काळी, पातळ, टेबलावर ठेवायची. मिथुनने काळी चालू करून छकुलीच्या मोबाइलातले फोटो तिच्यात सोडले. पुढचे दोन दात पडलेली नात आली. मग गोठ्यातल्या शेळ्या. मग बाजेवर तोंड उघडं टाकून झोपलेले राधाकिसन.

"हा कव्हा काढला गं?" राधाकिसन वरमले.

आणि मग गोरक्षनाथ आला. छकुलीने त्याच पिवळ्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. पडद्यावर तो पिवळा दिसत नव्हता. कालच घरून निघाल्यासारखा ताजा दिसत होता.

जयवंताबाई पडद्याजवळ सरकल्या. पुन्हा नात आली.

"याला हार कसा घालतेत?" जयवंताबाईंनी विचारलं.

"याला हार घालतच न्हाईत, मावशी. दहा सेकंदाला फोटो बदलतो. एकाला घातलेला हार त्याच्याच गळ्यात कसा राहील? लगेच तुमच्या नातीच्या गळ्यात, मंग शेळ्यायच्या, मंग काकाच्या..." मिथुनने जीभ चावली.

"म्हंजी कुणीच घालणार न्हाई?"

"जित्या माणसाच्या फोटोला हार घालायची हिंमत कोण करल?"

जयवंताबाईंनी दोन्ही फ्रेमा उलट्या करून मागून नीट बघितल्या. "लाकडीला वर हूक हायेत."

"ते टांगायला, आई," छकुली म्हणाली. तिला लाकडीच आवडली होती.

"टांगायला असो का कशाला, हूक ते हूकच. काळी द्या." त्यांनी काउंटरवरचा फोटो उचलला, कागदात गुंडाळला आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. "आन् हा मोठा करायचा न्हाई."

राधाकिसन अजून पडद्याकडेच बघत होते. पोरगा मेलाय असं त्यांनाही कधी वाटलं नव्हतं. वाट बघून बघून ते थकले होते, इतकंच. थकलेल्या माणसाला क्रिया म्हणजे निदान टेकायला जागा वाटते.

नात. शेळ्या. स्वतः. गोरक्षनाथ.

"भावकीला काय सांगायचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"सांगा, फ्रेमला हार बसत न्हाई."

राधाकिसन हसले. मग डोळे पुसले. उपरण्याने, सगळ्यांसमोर.

मिथुन फ्रेमचं खोकं शोधायला वळला, तेव्हा त्यांनी पिशवीतून हार बाहेर काढला. असा हार एकदा घेतला की माघारी देत नसतात, आणि गरज नसताना घरीही नेत नसतात. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मिथुनच्या डोक्यावर भिंतीला एका म्हाताऱ्याचा फोटो होता. दोन्ही बाजूंना समया, खाली तारीख, आणि धुळीने रंग गेलेला प्लास्टिकच्या फुलांचा हार.

"शेठ, हे वडील का तुमचे?"

"हो काका. दोन साल झाले."

"एखादं स्टूल द्या बरं."

राधाकिसन स्टुलावर चढले. जुना हार काढून त्यांनी मिथुनच्या हातात दिला, उपरण्याने काच पुसली, आणि चंदनाचा हार घालून दोन्ही टोकं सारखी केली. मग त्या अनोळखी म्हाताऱ्याला हात जोडले.

डगमगणारं स्टूल जयवंताबाईंनी दोन्ही हातांनी धरलं होतं. नजर मात्र काउंटरवर होती. शेळ्या गेल्या, झोपलेले राधाकिसन गेले, आणि मोकळ्या गळ्याचा गोरक्षनाथ पुन्हा समोर आला.